आचाऱ्याच्या शेजारचं नाव

माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते जहाजावरच्या आचाऱ्याच्या शेजारी.

मी प्लवकांवर काम करते. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. पाणी नेईल तिकडे जायचं, स्वतःच्या मर्जीनं पोहायची ताकद नाही. त्यात काही वनस्पती असतात, काही प्राणी, काही जिवाणू. संशोधक विद्यार्थीही त्यातच मोजावेत असं माझं मत आहे. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत मी शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी मला आणि इतर काहींना जहाजावर पाठवलं. बंदर सुटलं आणि सगळे आडवे झाले. ज्यांच्या सात पिढ्या किनाऱ्यावर गेल्या ते बादली धरून बसले, आणि जिनं कॉलेज संपेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता ती मी ठणठणीत. कारण साधं होतं. आमच्या गावाहून, देऊळघाटहून, बुलढाण्याला मी भाजीच्या पाट्यांवर बसून गेलेली मुलगी. तो रस्ता ज्यानं पचवला त्याला लाटा काय करणार?

तर जहाजावर उभी राहणारी दोनच माणसं उरली, मी आणि आचारी. तो खिचडी करायचा आणि मी खायची. उरलेल्या वेळात सगळ्यांच्या जाळ्या मी ओढल्या, सगळ्यांच्या बाटल्या मी भरल्या. परत आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून घेत सगळे जीव मी मोजले. मग शोधनिबंध छापून आला. वर सरांचं नाव, त्यांच्याखाली बादलीवाल्यांची नावं. माझं नाव शोधत शोधत मी शेवटच्या पानावर गेले, तिथं बारीक अक्षरात एक ओळ होती: जहाजावरच्या आचाऱ्याचे आणि माझे मदतीबद्दल आभार. आचाऱ्याचं नाव बरोबर छापलं होतं. माझं आडनाव चुकलं होतं.

मी तो अंक घेऊन सरांच्या खोलीत गेले. सर चष्मा पुसत होते. भांडण येताना दिसलं की ते चष्मा पुसायचे, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

"अगं, आभारात नाव येणं हाही एक मानच असतो," ते म्हणाले.

"मग तुमचं टाका तिथं."

ते मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. विनोद मला येत नाहीत, मला राग येतो.

घरी येऊन मायला सांगितलं. माय आमची भाजी विकायची, मळा बाबा बघायचे. ती टमाट्याच्या पाटीतून बारके टमाटे खाली आणि मोठे वर लावत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या आचाऱ्याले काई भेटलं का?"

"त्याले पगार भेटला."

"मंग तो शायना निंगाला. तू फुकट राबली व माय."

त्या वाक्यानं मला जितकं लागलं तितकं सरांच्या हसण्यानंही लागलं नाही. बुलढाण्याच्या बाजारात मायसमोर भाव करायला भलेभले कचरायचे. मेथीची जुडी घ्यायला आलेला माणूस वांगी, भेंडी घेऊन जायचा आणि वर तिचेच उपकार मानायचा. तिच्याच पाटीशेजारी बसून मी लहानाची मोठी झाले. पहिला भाव आपण बोलायचा नाही. गिऱ्हाइकाला मालाचं कौतुक करू द्यायचं, मग ते अडकतं. आणि सौदा जुळला की वरून काहीतरी मागायचं किंवा द्यायचं, कोथिंबिरीची काडी का होईना, म्हणजे दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं. एवढं शिकलेली मी, आणि डॉक्टरेट करताना सगळा माल भाव न ठरवता देऊन बसले.

डॉक्टरेट मिळाली तेव्हा गावच्या विहारात माझा सत्कार झाला. शाल दिली, पुस्तक दिलं. बोलणाऱ्यांपैकी कोणालाच मी काय करते ते सांगता येईना. शेवटी एका काकांनी "आपल्या गावची लेक समुद्राच्या तळाशी जाऊन आली" असं जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. मी दुरुस्ती केली नाही. माय मात्र खाली बसून शेजारणीला समजावत होती, "तळाशी नाई व. ते पाण्यातल्या किड्यायची डाक्टरीण हाये."

"किडे बिमार पडतेत?"

"पडत असतीन. पान्यातच राहतेत ना दिवसभर."

किनाऱ्यावर पक्की जागा मला कोणी दिली नाही. सरांनी शिफारस करतो म्हटलं, पण चष्मा पुसत म्हटलं. मग मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. इथून कोणत्याही दिशेनं निघालात तरी समुद्र दूरच. ओळखीचे विचारायचे, "म्याडम, तुमचा समुद्र कुठं हाये मग?" मी त्यांना लोणार दाखवायची. खारट पाणी, समुद्रापेक्षाही तिखट स्वभावाचं. त्यात मासा टिकत नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की स्प्रिंगसारखे वळलेले हिरवे धागे अख्ख्या काचेवर गर्दी करतात. समुद्रवाल्यांनी मला सोडलं, पण खाऱ्या पाण्यानं नाही सोडलं. वनखात्याकडं अर्ज करून परवानगी घ्यायची, एसटीनं चिखली-मेहकर करत लोणारला जायचं, उतरणीची पायवाट उतरायची, काठच्या काळ्या चिखलात घोट्यापर्यंत रुतायचं आणि जाळी फेकायची. माझ्या मागे फक्त वनरक्षक असायचा, नाकाला रुमाल लावून, कारण त्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतो. वर्षानुवर्षं माझं काम कोणी विचारलं नाही.

मग ते तळं गुलाबी झालं.

त्याचे फोटो सगळीकडे फिरले आणि किनाऱ्यावर अचानक सगळ्यांना आठवलं की बुलढाणा नावाचा जिल्हा आहे. पुढं तळं परत हिरवं झालं, पण मोठ्या शास्त्रज्ञांचा रस काही कमी होईना. एके सकाळी सरांचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिला.

"अगं, तू तिकडचीच ना? बुलढाण्याची?"

"हो सर. तुम्ही शिफारस केली नाही ना, म्हणून इथंच आहे."

पलीकडं चष्मा पुसणं चालू असावं.

सर म्हणाले, त्यांच्याकडं भारी सूक्ष्मदर्शक आहे, जनुकं तपासायची सोय आहे, नाही ते तळं. मी म्हटलं, माझ्याकडं तळं आहे. मग त्यांनी तळ्याचं कौतुक सुरू केलं. किती अद्भुत, किती दुर्मिळ. मी ऐकत राहिले. गिऱ्हाईक अडकत होतं. एवढंच ठरलं की मी ऋतूऋतूंतलं पाणी गोळा करून पाठवायचं आणि नावांचं नंतर बघायचं. "नंतर" हा शब्द ऐकून माझं कपाळ तापलं होतं, पण बोहणीचं गिऱ्हाईक परत लावत नाहीत.

आता जाळीविषयी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. प्लवक धरायची जाळी म्हणजे नायलॉनच्या कापडाचं लांब शंकूसारखं नाकाडं. तोंडाला कडं, टोकाला बाटली. कापड इतकं बारीक की डोळ्यांना भोकं दिसत नाहीत, पाणी निघून जातं आणि जीव बाटलीत उरतात. ती मी मुंबईच्या एका दुकानदाराशी फोनवर भांडून भांडून घेतली होती. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "बाई, जाळी घ्या पण पुन्हा फोन करू नका." अशी कमावलेली वस्तू कॉलेजच्या कपाटात ठेवायची सोय नव्हती, तिथं उंदीर. मग मी ती धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून देऊळघाटला मायच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. त्या पेटीच्या वाट्याला उंदीरही जात नाहीत. मायची भीती असते.

हिवाळा सरता सरता मी पहिलं पाणी आणलं. नेहमीचे हिरवे धागे, नेहमीचे जिवाणू. सर फोनवर म्हणाले, "ठीक आहे." उन्हाळ्यात, पाणी आटून काठ आत सरकला होता तेव्हा, दुसरं आणलं. देऊळघाटहून पिशवी उचलून सरळ लोणार गाठलं. काठावर पिशवी उघडली आणि मला सटासट शिंका आल्या. वनरक्षक म्हणाला, "धूळ हाये म्याडम." जाळी आवळताना घाम पुसला तर डोळा असा झोंबला की मी खाली बसले. तो म्हणाला, "ह्या पान्याची जळजळच वाईट." दोन्ही गोष्टी मला पटल्या.

प्रयोगशाळेत थेंब काचेवर घेतला आणि हात थांबला. हिरव्या धाग्यांच्या गर्दीत लालभडक कण होते. काही गोल, तेलाच्या थेंबासारखे चमकणारे, शेंदरी. काही जाड भिंतींचे, मण्यांच्या पदरासारखे एकमेकांना चिकटलेले. हिवाळ्यातल्या पाण्यात यातलं काही नव्हतं. आयुष्यभर मी बारीक जीव मोजत आले, असलं काही पाहिलं नव्हतं. मी फोटो काढून सरांना पाठवले. बाटली मुद्दाम पाठवली नाही.

सरांचा फोन लगेच आला. आवाज बदललेला.

"हे काय आहे?"

"तुम्ही सांगा सर."

"अगं, पाणी आटलं, खार वाढला की काही जीव भिंत जाड करून, आत रंगीत तेल साठवून झोपी जातात. त्याचाच प्रकार असणार हा. उन्हाळी पाहुणा! बाटली आजच पाठव."

"पाठवते. नावं कशी टाकायची?"

"नंतर बघू ना."

माझा तोल सुटला. आचाऱ्यापासून सुरुवात केली ती मी बादल्यांपर्यंत सगळं बाहेर काढलं. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत जमली.  मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा सर हळूच म्हणाले, "बरं, दुसरं नाव तुझं."

रागात भाव ठरत नसतो, पण रागानंतर ठरतो. हे मायनंच शिकवलेलं. मी एकदम शांत आवाजात म्हणाले, "राहू द्या सर. नागपूरवालेही विचारत होते." नागपूरच्या एका ओळखीच्या बाईनं तळ्याविषयी विचारलं होतं हे खरं होतं. तिला तिथं सहल न्यायची होती.

"थांब, थांब. दोघांची नावं बरोबरीनं, खाली टीप देऊ की दोघांचं काम सारखं."

"टीप कोणी वाचत नाही. आभारही कोणी वाचत नाही."

मी फोन ठेवला. गिऱ्हाईक वळलं तर वळू द्यायचं. हात धुऊन येईपर्यंत फोन पुन्हा वाजला.

"पहिलं नाव तुझं," सर म्हणाले. "झालं?"

"लिहून पाठवा. आणि वरून एक."

"आता काय वरून?"

"परिषदेत हे मांडायचं झालं तर मंचावर मी बोलणार. तुम्ही खाली बसायचं."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि हो म्हटलं. कोथिंबिरीची काडी मी मागून घेतली होती. त्या संध्याकाळी मी स्वतःला पेढा आणून खाल्ला.

पुढं सगळं भराभर झालं. फक्त एक खडा लागला. सरांच्या प्रयोगशाळेतून जनुकांचा निकाल आला, त्यात टमाट्या-वांग्याच्या कुळातलं काहीतरी दिसत होतं. सर म्हणाले, "काठावर कोणाची शेती असेल, वाहून आलं असेल. ते सोडून दे." मी सोडून दिलं. मी, जी दरवर्षी बारावीच्या मुलांना फळ्यावर लिहून देते: टमाटा, वांगं, बटाटा, मिरची, ही एका घरची भावंडं. पहिलं नाव मिळालेल्या माणसाला कुळं आठवत नाहीत.

परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत आमचं व्याख्यान छापून आलं. 'लोणार सरोवरातील एका अज्ञात उन्हाळी सूक्ष्मजीवाविषयी.' खाली दोन नावं, माझं आधी. आडनाव बरोबर. मी ते पान मायला दाखवायला देऊळघाटला गेले. परिषदेआधी आणखी एकदा पाणी आणायचं होतं, जाळीही उचलायची होती.

अंगणात पापडांचं काम चाललं होतं. माय आणि शेजारची मावशी उडदाचं पीठ कुटत होत्या, आणि मधे एक परात होती. परातीवर, खांबाच्या खुंटीला कड्यानं अडकवून, माझी जाळी लटकत होती. मायनं तिच्यात वाटीभर तिखट टाकलं, वरून हात फिरवून चाळलं, आणि खाली परातीत लाल धूर पडावा तसं तिखट उतरलं.

मला सटासट शिंका आल्या.

"आली का व? बस. पान्याचा गिलास घे," माय म्हणाली.

"माय, हे काय करून राह्यली तू?"

"दिसते ना. पापडाले तिखट वस्त्रगाळ लागते. जाडंभरडं असलं की लाटताना पापड फाटते."

"वस्त्रानं गाळ ना मग! ही काऊन घेतली?"

"लुगड्यानं गाळलं तर अर्धं तिखट लुगडंच खाते. हे पाय कसं उतरते. मस्त चीज हाये. कितीले भेटली?"

"मागच्या वेळेसबी हिच्यातूनच गाळलं होतं का? उन्हाळ्याच्या सुरवातीले?"

"हाव. तवा तं घरच्यापुरतंच केलं होतं. मंग चांगली झटकली, घडी करून तुह्या पिशवीत ठेवली. धुतली नाई, धुतलं तं ओली राह्यली असती, वास लागला असता. तुह्या सामानाची मले काळजी नाई का?"

मावशीनं मान डोलावली. "लय काळजीनं ठेवली बाप्पा. मीच घडी घालू लागली."

मी खाटेवर बसले. डोळ्यासमोर शेंदरी थेंब तरंगत होते. मिरचीचं तेल. जाड भिंतींचे मणी म्हणजे मिरचीची साल. उन्हाळी पाहुणा वाटीतून परातीत पडत होता, आणि मावशी त्याच्यावर पीठ कुटत होती. मी ताडकन उठले आणि ओरडले. काय काय ओरडले ते आठवत नाही, आठवलं तरी लिहिणार नाही. माय मुसळ थांबवून शांत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "तं तुह्या सरायनं तिखट पाह्यलं न् त्यायले ते जिवंत वाटलं?"

"हो."

"लय शिकेल हायेत का ते?"

"माय, मलेबी वाटलं."

तिनं परातीतलं तिखट चिमटीत घेऊन पाहिलं. मग मावशीला म्हणाली, "तिखट चांगलं होतं म्हना यंदाचं."

रात्रभर वाट पाहायचा माझा स्वभाव नाही. मी अंगणातूनच सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. पापडाचंही सांगितलं. लोणारच्या खाराचे पापड पूर्वी लोक करायचे, म्हणून खार तळ्यात होता, तिखट जाळीत होतं, उडदाचं पीठ तेवढं कमी पडलं, नाहीतर आपण काठावरच पापड लाटला असता, असं सगळं एका दमात.  मग सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अगं, मी विचार करत होतो."

"काय?"

"काम खरं तर सगळं तुझंच आहे. पाणी तू आणलंस, जाळी तुझी, फोटो तुझे. माझं नाव दुसऱ्या जागीही असणं म्हणजे तुझ्यावर अन्यायच. ते काढून टाक."

इतक्या वर्षांनी हे ऐकायला मिळालं. अगदी याच शब्दांत ऐकायचं होतं, पण या दिवशी नाही.

"नाही सर," मी म्हणाले. "सौदा दोन नावांचा ठरला होता."

"मी मोठ्या मनानं सोडतोय."

"मोठं मन तुमच्याकडं ठेवा. जनुकांचा निकाल तुम्ही सोडून द्यायला लावला, उन्हाळी पाहुणा हे नाव तुम्ही ठेवलं."

"तू आजारी पड ना. व्याख्यान आपोआप रद्द होईल."

"मी जहाजावर नाही पडले, आता काय पडणार?"

माय हातातलं मुसळ ठेवून कान देऊन बसली होती. तिनं खुणेनं विचारलं, कितीवर आला? मी खुणेनंच सांगितलं, थांब.

"हे बघ," सर म्हणाले, "कोणालातरी उभं राहून सांगावं लागेल की ते तिखट आहे. आणि मंचावर बोलायची अट तूच घातली होतीस. वरून." हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की मला पहिल्यांदाच त्यांच्यात मायचं काहीतरी दिसलं.

 खरंच होतं. पहिलं नाव माझं म्हणजे पहिली चूकही माझी, आणि ती उभं राहून सांगायची जागाही मीच मागून घेतलेली. गप्प बसून पत्रिकेतलं व्याख्यान तसंच देता आलं असतं का? आलं असतं. कोणी मिरची ओळखली नसती. पण मग आयुष्यभर माझं पहिलं नाव वाटीभर तिखटाशेजारी राहिलं असतं, आणि त्यापेक्षा तो आचारी बरा होता. तो माझ्याशी चार शब्द बोलायचा तरी.

"मी सांगते," मी म्हणाले. "शीर्षक बदलून घेते. नमुन्यात बाहेरचं काही कसं शिरतं आणि आपल्याला ते कसं हवंहवंसं वाटतं, यावर बोलते. पण तुमच्याविषयी काय करायचं ते ठरवा."

"काय ठरवायचं? मला... मला आभारात टाक."

मी फोन कानापासून लांब धरला. ऊन होतं, परातीत तिखट होतं, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा माझ्या हातात येऊन पडला होता. त्यांना आठवतही नव्हतं आपण काय मागतोय ते. मला आठवत होतं.

"सर," मी म्हणाले, "आभारात नाव येणं हाही एक मानच असतो."

"हो ना," सर म्हणाले. "असतोच."

परिषदेत मी पहिल्या फोटोपासून सगळं सांगितलं. शिंका, डोळा, टमाट्याचं कुळ, पेटी, परात. लोक आधी गंभीर होते, कारण पुढच्या रांगेतले बरेचजण आपापल्या नमुन्यांचा विचार करत असावेत. मग मी मायचा "जिवंत वाटलं?" हा प्रश्न तिच्याच भाषेत सांगितला, आणि मागून कोणीतरी खोकत हसलं. त्यानंतर सगळा हॉल हसत सुटला. चहाच्या वेळी एका वयस्क बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की त्यांना एकदा पाण्यात हळदीसारखं काहीतरी सापडलं होतं, त्याचं काय असेल. मी म्हटलं, घरी विचारा.

सर तिसऱ्या रांगेत बसून चष्मा पुसत होते. शेवटी पडद्यावर फक्त एक ओळ होती. जाळी जपणाऱ्या, तिखट पुरवणाऱ्या आणि पापडांचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या माझ्या आईचे, आणि सरांचे, मदतीबद्दल आभार. सरांचं आडनाव मी दोनदा तपासून बरोबर लिहिलं होतं. चुकवायचा मोह झाला होता, नाही म्हणत नाही.

लोक अजूनही मला भेटले की "जाळी धुतली का?" म्हणून विचारतात. माझं पहिलं नाव असलेलं ते एकमेव काम, आणि ते तिखटाचं. याचा राग मला आजही आहे. नवी जाळी मी घेतली. दुकानदारानं आवाज ओळखून भाव न करताच मागितल्या भावात दिली, त्यामुळे त्या व्यवहारातही काही मजा आली नाही. जुनी जाळी मायनं मागितली. मी नाही म्हटलं, मग पापडांवर सौदा ठरला, आणि वरून तिनं लोणच्याची बरणी दिली. पुढच्या वेळी तळ्यावर जाताना नवी जाळी मी लोणारलाच, वनरक्षकाच्या खोलीत ठेवून आले. त्याचं लग्न झालेलं नाही, पापड कोणी करत नाही.

घरी परत आल्यावर माय त्या पडद्याचा फोटो माझ्या मोबाईलवर बराच वेळ बघत होती. तिला वाचता येतं, पण हळू.

"हे मी?"

"हाव."

"न् हे तुहे सर?"

"हाव."

"माह्यं नाव आधी हाये," ती म्हणाली, आणि मोबाईल परत दिला.